अंग बाहेर येणं: इलाजाची जुनी गोष्ट

खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, शिंकलं की लघवी सुटते, हे आपण कुणाला सांगत नाही. पण दुखणं फार जुनं आहे आणि त्यावरच्या इलाजालाही मोठा इतिहास आहे.

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भपिशवी आणि मूत्राशय तिच्यावर तोललेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणते. पुढे जड ओझी, जुना खोकला, शौचाला कुंथणं, यांनी ती सैल पडत जाते.

अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य अशा बाईला शिडीला उलटं बांधून शिडी हलवत. पिशवी वर जाईल, ही आशा! डाळिंबाचं अर्धं फळ आत बसवून पिशवीला टेकू देण्याचाही उपाय होता. शिडी गेली, टेकू राहिला. आज डॉक्टर सिलिकॉनची रिंग बसवतात, तिचं काम तेच.

1888 साली इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी पिशवी न काढता शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यात पिशवीचं तोंड कापून आखूड करत. पण नंतर दिवस गेले, तर काहींना गर्भ टिकणं अवघड जाई.

ही अडचण मनावर घेतली आपल्याकडच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी. जन्म 1899 चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. शिक्षण आणि काम मुंबईत. त्यांनी पिशवीचं तोंड न कापता शस्त्रक्रिया बसवली. तरुण बायकांसाठी पट्टीच्या आधारानं पिशवी मागच्या हाडाला टांगण्याची रीतही काढली. त्यांचं नाव आजही त्या शस्त्रक्रियेला आहे.

1948 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी सुरीशिवायचा मार्ग मांडला: व्यायाम. लघवी अडवताना जसं आवळतो, तसं आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं. रोज, काही महिने. दुखणं सुरुवातीचं असेल तर यानं फरक पडतो.

आता 2019 कडे या. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या किती तरी बायकांच्या पिशव्या काढल्याचं उघड झालं. काहींच्या तक्रारी पोटदुखीच्या, पांढरं जाण्याच्या होत्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या राज्यात पिशवी वाचवण्याची शस्त्रक्रिया घडली, तिथेच हे झालं.

पिशवी काढणं कधी कधी खरंच गरजेचं असतं. पण तो पहिला इलाज नव्हे. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: व्यायामानं भागेल का? रिंग चालेल का? पिशवी ठेवून शस्त्रक्रिया होईल का? उत्तर पटलं नाही, तर जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. एकटीला संकोच वाटला, तर गटातल्या एका बाईला सोबत न्या.