तंबोऱ्याचा भोपळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजाराच्या आसपासच्या पेठांत, शिंद्यांबरोबर आलेली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. त्या शहराची गायकी दक्षिणेत आणली तीही मराठी माणसांनीच. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बाळकृष्णबुवांनी ही विद्या मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांना दिली. गाण्याची ही वंशावळ जाणकारांना तोंडपाठ असते. मागे झंकारत राहणाऱ्या तंबोऱ्याचं कूळ मात्र कुणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं, कारण ते थेट शेतात आणि रानात जाऊन पोचतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार तंबोरे बनवण्याच्या धंद्यात आले. इंग्रजी अमलात तलवारींना धार लावण्याचं काम आटलं होतं. हत्यारांवर बसलेला हात वाद्यांकडे वळला आणि पुढे घराण्याला सतारमेकर हेच आडनाव पडलं. मिरजेचा तंबोरा देशभर गेला.

त्याचा आवाज सुरू होतो भीमाकाठी. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात कडू भोपळ्याचे वेल लावतात. फळ खाण्याचं नाही. ते वेलावर पुरतं जून व्हावं लागतं, मग उन्हात महिनोन्‌महिने वाळावं लागतं. हाच वाळका भोपळा पाठीला बांधून गावोगावची पोरं विहिरीत पोहायला शिकली. कारागिराच्या हाती आला की तो त्याचं तोंड कापतो, पाण्यात भिजवून मऊ करतो, आतला गीर आणि बिया खरवडतो, आत काटक्यांचे ताण देऊन हवा तो घेर आणतो आणि पुन्हा वाळवतो. त्यावर तुणाच्या लाकडाची तबली, दांडी, सांध्यावर कोरलेली पानं, वरून चपड्याचं पॉलिश. वेलाच्या फळावर लाकडाची पानं चढवणारा हा कारागीर शिल्पकारही असतो, पण चित्रशिल्पाच्या प्रदर्शनात त्याला कुणी बोलावलेलं मी ऐकलं नाही.

तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरचे निर्बंध आले, तेव्हा ती उंटाच्या हाडाची, शिसवी किंवा कृत्रिम द्रव्याची झाली. तंबोऱ्याचं काही बिघडलं नाही. कानस हलक्या हाताने फिरवत घोडीचा माथा घासायचा, तारेखाली सुताचा जीव सरकवायचा, एका जागी तार अचानक उमलते: ही जवारी काढण्याची किमया हस्तिदंतात कधीच नव्हती. कानात आणि बोटांत होती.

1970 च्या सुमारास कॅनडात मरे शेफर या संगीतकाराने भोवतालचे आवाज हाच कलेचा आणि पर्यावरणाचा प्रश्न मानला. त्यानंतर नद्यांचे, जंगलांचे, वितळत्या बर्फाचे ध्वनी जगभरच्या कलादालनांत ऐकवले जाऊ लागले. मला ते काम मोलाचं वाटतं. पण आपल्याकडे नदीकाठचं फळच आवाज होऊन मैफलीत बसलेलं आहे, आणि आपण त्याला निव्वळ साथीचं वाद्य म्हणतो.

हत्ती वगळून तंबोरा बनवता आला. भोपळा वगळून मिरजेचा तंबोरा बनेल असं मला वाटत नाही. अवकाळी पाऊस आणि भीमेचा पूर या पिकाची धूळधाण करतात. उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस नगद पैसा देतो. कडू भोपळ्यासाठी कुणी जमीन का अडकवून ठेवावी?

सुरांमागचं झाड जपलं नाही तर ते जातं, हा धडा ग्वाल्हेरला एकदा मिळालेला आहे. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो, या श्रद्धेने गवयांनी पिढ्यान्‌पिढ्या ते झाड ओरबाडलं. मूळ चिंच राहिली नाही, आज दिसते ती नंतरची. सुरांवरच्या प्रेमापोटीच हे झालं.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण आलं, पण बुडालेल्या हंगामाची भरपाई त्यातून होत नाही. गायनशाळांनी आणि संगीतसभांनी भीमाकाठच्या चार गावांत भोपळ्याचा दर आगाऊ बांधून द्यावा, बी राखावं, बांधावर तुणाची झाडं लावावीत. तानसेन समारोहाला दरवर्षी देशभरचे गवई ग्वाल्हेरला जमतात. मंचावरच्या तंबोऱ्यांचे भोपळे कुठल्या शिवारातले, हे मंडपात लिहून लावावं आणि ते पिकवणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवावं.