बायफोकलचे दोनशे गुण

माझी भाची अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात शिकते. अकरावीत गेल्यापासून ती शाळेऐवजी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाते. तिथं पास झालेला विषय शाळेच्या दाखल्यातही धरतात आणि पुढे पदवीतही. ‘रनिंग स्टार्ट’ नावाची ही सोय तिथल्या विधिमंडळानं १९९० साली केली. तिनं हे फोनवर सांगितलं आणि मला आपल्या शाळेची कॉम्प्युटर लॅब आठवली. चपला बाहेर काढून आत जायचं, एका मशीनवर चौघी. शाळेच्या आवारात बसून कॉलेजचं आपणही शिकत होतोच की! फक्त ते कुणी मोजलं नाही.

शाळा कुठं संपते आणि कॉलेज कुठं सुरू होतं, ही रेघ आपल्याकडेही हललेली आहे. आपल्या जुन्या सरांची मॅट्रिक अकरावीला झाली, मग पी.यू.सी., मग पदवी. कोठारी आयोगानंतर (१९६४-६६) १०+२+३ आलं. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ ला झाली, बारावीची १९७७ ला. अकरावी-बारावीचं ‘कनिष्ठ महाविद्यालय’ झालं, पण आपल्याकडे ते शाळेच्याच इमारतीत भरलं. पाटी कॉलेजची, घंटा शाळेची.

याच दोन वर्षांत मुलांच्या हाताला काम शिकवायचं, असं सरकारनं ठरवलं. बायफोकल त्यातूनच आलं. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा, त्या जागी दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय घ्यायचा. सहाशेपैकी दोनशे! १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं तर १९९५ पर्यंत या टप्प्यावरची पंचवीस टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळवायचं ठरवलं होतं. त्यासाठी १९८८-८९ पासून एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. पंचवीस टक्के काही झाले नाहीत. आपल्या गावात तर वाटणी ठरलेली होती. टक्के चांगले असले की सायन्स, आणि ‘स्कोअरिंग’ म्हणून बायफोकल. टक्के घसरले की एमसीव्हीसी.

मी २००० साली बारावी झाले. कॉम्प्युटर सायन्समध्ये ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकले. लाइट गेली की सर फळ्यावर रजिस्टरचे चौकोन काढायचे आणि आम्ही त्यातले आकडे हातानं हलवायचो. इंजिनिअरिंगला गेल्यावर पुन्हा तेच ८०८५, पुन्हा तेच चौकोन, पुन्हा परीक्षा. “हे मला येतं,” असं मी एकदा तिथल्या एका सरांना म्हटलं. “बारावीचं बारावीत राहिलं,” ते म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. तसा नियमच नव्हता.

आमच्या बाकावरची एक मैत्रीण मात्र दहावीला कमी टक्के पडले म्हणून एमसीव्हीसी इलेक्ट्रॉनिक्सला गेली. आम्हाला तिचं वाईट वाटलं होतं. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. एक वर्ष जास्त लागलं असतं तर तिचं शिक्षण तिथंच थांबलं असतं. पण एमसीव्हीसीवाल्यांना पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट होती. तिची दोन वर्षं मोजली गेली आणि पुढचं एक वाचलं. पहिल्याच प्रॅक्टिकलला सोल्डरिंग करायला सांगितलं, तेव्हा वर्गात ते फक्त तिला येत होतं, हे ती अजून रंगवून सांगते. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात ८०८५ गिरवत होते, तेव्हा तिचा डिप्लोमा झाला आणि ती नोकरीलाही लागली. लग्न तिनं नंतर, स्वतःच्या पगारावर केलं.

आता २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळेच्या वर्षालाही क्रेडिट आहे. बाराशे तासांचं वर्ष, चाळीस क्रेडिट, आणि वर्गाबाहेर शिकलेलं कामही त्यात धरायची तरतूद. कागदावर आराखडा चांगला आहे. सर, तुमच्या त्या फळ्यावरच्या तासांचे किती झाले असते, याचा मी हिशोब करून पाहिला. प्रॅक्टिकलची वही सापडली नाही, म्हणून तो अर्धाच राहिला. कुणाकडे असेल तर मेळाव्याला घेऊन या.