नांदूरमध्यमेश्वरचे चतुर

नाशिकचा इतिहास लेणी, मंदिरं आणि वाड्यांच्या आधारानं लिहिला गेला. पाण्याचा इतिहास लिहायचा तर साधनं कोणती? धरणांचे अहवाल आहेत, कालव्यांचे नकाशे आहेत. मी त्यांत आणखी एक साधन धरतो : चतुर. लहानपणी ज्याच्या शेपटीला पोरं दोरा बांधायची, तोच हा कीटक. बसताना पंख आडवे पसरतो तो चतुर. बहुधा पाठीवर मिटून घेते ती टाचणी.

भारतीय चतुरांचं दप्तर नीट लावलं ते फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर या लष्करी डॉक्टरांनी. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतले त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. कूर्ग, निलगिरी, मलबारचे ओले डोंगर हा त्यांच्या आवडीचा मुलूख. पठारावरच्या संथ पाण्यातले चतुर सगळीकडेच दिसतात, म्हणून त्यांचं अप्रूप कमी. पण इतिहासाला अशी साधी साक्षच अधिक उपयोगी पडते.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला. १८९९-१९०० च्या दुष्काळानं सरकारला सिंचनाकडे वळवलं, त्या काळातलं हे काम. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवायचं आणि दोन्ही तीरांच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे न्यायचं, ही योजना. तिकडे ऊस उभा राहिला; इकडे बंधाऱ्यामागे गाळ साचला. उथळ पाणी, पाणगवत, बेटं तयार झाली, पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ हा मान मिळाला. अभियंत्याच्या हिशेबात गाळ म्हणजे साठवणीचा तोटा. इथे त्या तोट्यावरच सगळा पसारा उभा आहे.

चतुर या पसाऱ्याच्या तळाशी असतो. त्याची पिल्लं पाण्यात, गाळात किंवा पाणवनस्पतींत वाढतात. दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतात. पंख फुटल्यावर बहुतेकांच्या वाट्याला काही आठवडेच येतात. म्हणून काठावर नुकत्याच पंख फुटलेल्या चतुराचं छायाचित्र हे त्या दिवसाचं नसतं, मागच्या काही महिन्यांतल्या पाण्याचं असतं. टाचण्या पाणवनस्पतींच्या देठांत अंडी घालतात. आवर्तन सुटून पाणी एकदम उतरलं, की ते देठ उघडे पडतात. पाटबंधाऱ्याच्या नोंदीत किती पाणी सोडलं ते सापडतं. मागे काय सुकलं ते नाही.

फ्रेझरांच्या काळी जाळं, टाचणी आणि पेटी हीच साधनं होती. आता कॅमेरा आहे. मी एकाच चतुराचं वरून आणि बाजूनं छायाचित्र घेतो, शेपटीच्या टोकाचं जवळून. कारण जाती पुष्कळदा तिथेच ओळखू येतात. तारीख आणि जागा लिहिली नाही, तर ते चित्र भिंतीवर लावण्यापुरतंच. लिहिली, तर तो दस्तऐवज.

तारखेचं मोल कळावं म्हणून एक उदाहरण. पावसाळा सरताना माळावर घिरट्या घालणाऱ्या पिवळसर चतुरांना फाब्रिसियसनं १७९८ साली शास्त्रीय नाव दिलं. मालदीवमध्ये पृष्ठभागावर गोडं पाणी जवळपास नाही, तरी दर ऑक्टोबरला हे चतुर तिथे उतरतात. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या आगमनाच्या तारखा टिपल्या आणि २००९ साली मांडणी केली : हे चतुर भारतातून निघून वाऱ्यावर आफ्रिकेकडे जातात, पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. एवढा मोठा तर्क उभा राहिला तो साध्या तारखांच्या बळावर. आपल्याकडेही २०२२ साली सिंधुदुर्गातल्या चौकुळ गावाचं नाव एका नव्या चतुराला मिळालं.

शहरात मात्र उलटं घडलं. गोदापात्रातल्या जुन्या कुंडांच्या तळाला सिंहस्थाच्या निमित्तानं काँक्रीट घातलं गेलं; वाद उच्च न्यायालयापर्यंत पोचला. चर्चा जिवंत झऱ्यांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तळ हेही कोणाचं तरी घर असतं, हा मुद्दा मागेच राहिला.

नांदूरमध्यमेश्वरचा गाळ काढावा अशी मागणी शेतीच्या बाजूनं होते आणि ती खोटी नाही. खालच्या शेतकऱ्याला पाणी हवंच आहे. निर्णय कसाही होवो, तो घेताना टेबलावर घनफुटांच्या आकड्यांशेजारी काठावरच्या जिवांची तारीखवार नोंदही असली पाहिजे. ती ठेवायला पदवी लागत नाही. वही लागते, आणि दर पंधरवड्याला त्याच काठावर पुन्हा जाण्याची चिकाटी.