अद्भुतकथा आणि थोर साहित्य

अद्भुतकथा म्हणजे बालमनोरंजन, थोर साहित्याच्या पंक्तीत तिला स्थान नाही, असे मत पुष्कळदा ऐकू येते. या मताचा विचार करताना आम्हांस इंग्रजी साहित्याच्या इतिहासातील एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो.

‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतील ३१८२ ओळींचे काव्य. त्याचे एकमेव हस्तलिखित सुमारे हजार वर्षांपूर्वीचे. १७३१ साली लंडनमधील आगीत ते कडांशी होरपळले, पण वाचले. त्याचा नायक ग्रेंडेल नामक राक्षसाला व त्याच्या मातेला ठार करतो. पुढे पन्नास वर्षे राज्य करून, म्हातारपणी आग ओकणाऱ्या ड्रॅगनशी झुंजताना तो प्राण सोडतो. अनेक विद्वानांनी या काव्याला केवळ इतिहासाचे साधन मानले. डब्ल्यू. पी. केर यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकालाही राक्षस मध्यभागी व गंभीर विषय कडेला, ही रचना खटकली.

२५ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश अकॅडमीपुढील व्याख्यानात जे. आर. आर. टोल्किन यांनी हा आक्षेप खोडून काढला. शत्रू माणूस असता तर ही एका घराण्याच्या वैराची हकीकत ठरली असती. राक्षसांमुळेच ती मर्त्य मानवाच्या अंधाराशी चाललेल्या झुंजीची कथा झाली, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. पुढे १९५४-५५ साली त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुत कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली.

आम्ही कसोटी एकच मानतो: राक्षसापुढे उभ्या ठाकलेल्या माणसाचे भय आणि धैर्य खरे वाटते काय? सर्वच अद्भुतकथा तीस उतरणार नाहीत; पण वास्तववादी कादंबऱ्या तरी सगळ्या कोठे उतरतात?