सूर्याची वीज आणि हिंगोलीची रात्र

माघ शुद्ध सप्तमीस, म्हणजे रथसप्तमीच्या दिवशीं, महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या अंगणांत गोवऱ्यांच्या विस्तवावर दुधाचें बोळकें ठेवितात आणि तें दूध सूर्यासमोर उतूं जाऊं देतात. अन्नाचा आणि उष्णतेचा मूळ दाता सूर्य आहे, ही जाणीव त्या लहानशा विधींत सांठविलेली आहे. परंतु त्याच सप्तमीच्या आदल्या रात्रीं हिंगोली जिल्ह्यांतील एखादा शेतकरी अंगावर घोंगडी घेऊन, एका हातांत विजेरी व दुसऱ्या हातांत काठी धरून, गव्हाला पाणी देण्यास निघालेला असतो. दिवसभर माथ्यावर तळपणारा सूर्य आणि मध्यरात्रीं थंडींत कुडकुडत दारें धरणारा माणूस, या दोघांची गांठ इतके दिवस कां पडली नाहीं व आतां ती कशी पडूं लागली आहे, हें पाहण्यासारखें आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. जिल्हा नवा, पण भूमि जुनी. औंढ्याचें नागनाथाचें देवालय आणि नामदेवांचें नरसी हीं येथलीं. पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा या येथल्या नद्या. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. संस्थानी अमदानींत येथील खेड्यांना विजेचा दिवा जवळजवळ ठाऊकच नव्हता. देव्हाऱ्यापुढें व चुलीजवळ करडईच्या किंवा जवसाच्या तेलाची पणती जळे. पुढें रॉकेल आलें, आणि त्याबरोबर चिमणी व कंदील आले. रॉकेलाचा उजेड मोठा खरा. पण एक गोष्ट त्यांत हरपली. पणतींतलें तेल आपल्या शेतांतलें होतें, कंदिलांतलें तेल परमुलुखांतून येई. घरांतल्या उजेडाची सूत्रें तेव्हांपासून घराबाहेर गेलीं, तीं फार काळ परत आलीं नाहींत.

शेताचें पाणी मात्र दिवसाचें होतें. मोट चाले ती बैलांच्या बळावर, आणि रात्र ही बैलांच्या विसांव्याची वेळ. पहांटे मोट सुरू होई, उन्हें चढलीं कीं सुटे, आणि तिसऱ्या प्रहरीं पुन्हां जुंपली जाई. मोटेवरचीं गाणीं म्हणून जीं प्रसिद्ध आहेत, तीं बहुधा पहांटेचींच, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. रात्रीं पाणी देण्याची चाल वाडवडिलांपासूनची नव्हे. ती विजेबरोबर आली. जी वस्तु काळोख घालविण्यासाठीं आली, तिनेंच शेतकऱ्याला काळोखांत ओढावें, हा इतिहासांतील एक विचित्र योग होय. त्याचें कारण कळल्याविना सौर विजेचें महत्त्व कळणार नाहीं.

श्रोत्यांस कदाचित् नवल वाटेल, परंतु सूर्याच्या बळावर पाण्याचा पंप चालविण्याचा प्रयोग या प्रांतांत फार पूर्वींच झालेला आहे. १८७६ ते १८७८ च्या सुमारास मुंबईंत नोकरीस असलेल्या विल्यम ॲडम्स नांवाच्या एका इंग्रज गृहस्थानें सपाट आरसे अर्धवर्तुळांत मांडून त्यांचें ऊन एका बाष्पपात्रावर एकवटलें. सूर्य जसजसा सरके, तसतशी आरशांची ती मांडणी रुळांवरून फिरवावी लागे. या उन्हाच्या वाफेवर त्यानें अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. त्यानें उन्हाची चूलही केली आणि ऐन जानेवारींत तिच्यावर सात शिपायांचें जेवण दोन तासांत शिजविलें. उष्ण देशांत जळणाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी, अशा अर्थाच्या शीर्षकाचें त्याचें पुस्तक १८७८ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ऑग्युस्तीन मूशो या फ्रेंच शिक्षकानें सूर्ययंत्राच्या साहाय्यानें बर्फ करून दाखविलें. दोघांचीही विद्या पुढें मागें पडली. कोळसा सुलभ झाला. तो रात्रीं जळे, पावसाळ्यांत जळे, आणि त्याला आरसे फिरवीत बसावें लागत नसे. त्याच्या धुराचा हिशेब तेव्हां कोणी मांडला नव्हता.

सूर्याकडून काम करून घेण्याची दुसरी वाट वाफेची नव्हे, तर प्रकाशाची होती. प्रकाश पडल्यानें कांहीं पदार्थांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हें १८३९ सालीं फ्रान्सच्या एडमंड बेकरेलनें पाहिलें. प्रकाश हा कणांच्या रूपानें काम करतो, ही उपपत्ति आइन्स्टाइननें १९०५ सालीं मांडली. आणि १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा असा विद्युत्‌घट तयार झाला कीं, त्यावर पडलेल्या उन्हाचा शेंकडा सहा भाग विजेंत उतरूं लागला. यांत चाक नाहीं, बाष्पपात्र नाहीं, धूर नाहीं. वाळूंत विपुल असलेलें सिलिकॉन शुद्ध करून त्याचे पातळ काप करावयाचे आणि ते उन्हांत मांडावयाचे, एवढेंच त्याचें दृश्य रूप. प्रथम हे घट इतके महाग होते कीं, ते अवकाशांत सोडलेल्या उपग्रहांनाच परवडले. पुढील साठ वर्षांत त्यांची किंमत उतरत उतरत कौलारू घरापर्यंत आली.

हिंगोलीच्या खेड्यांत वीज आली ती मात्र निराळ्या मार्गानें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें. पूर्णेवर येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें व त्याच्या पायथ्याशीं साडेबावीस मेगावॅटचें जलविद्युत्‌केंद्र उभें राहिलें. खालच्या अंगास सिद्धेश्वरचें धरण झालें. १९७१ सालीं बीड जिल्ह्यांत परळी येथें कोळशावरचें औष्णिक केंद्र सुरू झालें. तारा शिवारांत पोंचल्या, विहिरीवर पंप बसले, मोट अडगळींत गेली आणि बैलांचा कष्ट वाचला. वसमतच्या परिसरांत हळदीसारखें आठ-नऊ महिने पाणी मागणारें पीक फैलावलें, तें पंपाच्या भरंवशावरच. विजेचे हे उपकार लहान नाहींत.

परंतु वीज ही धान्याप्रमाणें कणगींत भरून ठेवतां येत नाहीं. ज्या क्षणीं निघते, त्याच क्षणीं ती खर्चावी लागते. दिवसां कारखाने व कचेऱ्या आणि सायंकाळीं शहरांतील दिवे ती ओढून घेतात. उलट मध्यरात्रीनंतर मागणी उतरते. पण कोळशाची भट्टी हवी तेव्हां विझवून हवी तेव्हां पेटवितां येत नाहीं. मग ती रात्रीची वीज कोणाला द्यावयाची? तुटवडा वाढला, तेव्हां शेतीच्या वांट्याला पाळी आली: आठवड्यांतील कांहीं दिवस दिवसां आठ तास, तर कांहीं दिवस रात्रीं आठ किंवा दहा तास. यंत्राच्या दृष्टीनें ही सोय होती. माणसाच्या दृष्टीनें ती पौषांतली थंडी होती, वाफ्यांतला साप होता, रानडुकरांचें भय होतें, ओल्या हातानें चांचपडत लावलेली कळ होती, आणि तो परत येईपर्यंत घरीं जाग्या राहिलेल्या बायकोचा घोर होता. शिवाय झोपेनें डोळे मिटले म्हणजे दारें फुटत, आणि आधींच थोडें असलेलें पाणी भलत्याच वाफ्यांत जाई.

औष्णिक विजेची आणखी एक बाजू मराठवाड्यानें २०१३ सालीं पाहिली. त्या दुष्काळांत परळीच्या केंद्राला पाणी मिळेना, आणि फेब्रुवारींत तें बंद ठेवावें लागलें. कोळसा जाळून वीज करावयाची, तर वाफेला व यंत्र निवविण्याला पाणी लागतें. आणि मराठवाड्यांत पाणीच नाहीं. ज्या उन्हानें धरण आटविलें, तें ऊन मात्र त्या वर्षीं रोज पडत होतें. उन्हापासून वीज करण्यास, पॅनेलें पुसण्यापुरतें पाणी सोडलें, तर पाणी लागत नाहीं. दुष्काळी प्रदेशाला यापरता बोलका धडा कोणता हवा?

हा धडा धोरणांत उतरण्यास कांहीं वर्षें लागलीं. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना काढली. तिचें तत्त्व सोपें आहे. विजेच्या उपकेंद्राजवळच्या पडीक किंवा हलक्या जमिनीवर लहान सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीवर सोडावयाची. सूर्य दिवसां काम करतो. म्हणून पाणीही दिवसांच मिळतें. २०१९ सालीं केंद्र सरकारची कुसुम योजना आली. २०२३ सालीं वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, व भाडेपट्ट्यानें जमीन देणाऱ्यास वर्षाला हेक्टरीं सव्वा लाख रुपये ठरले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं हिंगोलीच्या शेजारीं वाशीम येथें पंतप्रधानांच्या हस्तें या योजनेंतील पांच प्रकल्पांचें लोकार्पण झालें; त्यांची एकूण शक्ति १९ मेगावॅट, आणि त्यांतील एक शेजारच्याच नांदेड जिल्ह्यांतला. त्याच वर्षीं ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना निघाली. तींत शेतकऱ्यानें किमतीचा दहावा हिस्सा भरावयाचा, अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा. आणि जमिनीच्या मानानें तीन, पांच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यावयाचा. ॲडम्सनें मुंबईंत चालविलेला पंप अडीच अश्वशक्तीचा होता, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. मुंबईपासून हिंगोलीच्या विहिरीपर्यंत यावयास त्या कल्पनेला सुमारें दीडशें वर्षें लागलीं.

घराचा उजेडही याच वाटेनें परतत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें सूर्यघर योजना सुरू केली. एका किलोवॅटाला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटांना ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॅटांना ७८,००० रुपये असें तिचें साहाय्य आहे. एका किलोवॅटाच्या पॅनेलांना सुमारें दहा चौरस मीटर जागा लागते, आणि दिवसाला सरासरीनें चार युनिट वीज मिळते. तेवढ्यांत दिवे, पंखे व दूरचित्रवाणी असलेल्या लहान घराचें भागतें. कोळशाच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो कर्बवायु हवेंत जातो. म्हणजे असें एक छप्पर वर्षाकांठीं टनाहून अधिक कर्बवायु वांचवितें. घरांतल्या उजेडाचीं जीं सूत्रें रॉकेलाबरोबर बाहेर गेलीं होतीं, त्यांतलें एक तरी हातीं आलें.

तथापि सूर्याची वीज म्हणजे कल्पवृक्ष नव्हे. मृगांतल्या ढगांत ती मंदावते, रात्रीं ती नसते. रात्रींचा दिवा अजून बहुतांशीं कोळशाच्याच तारेवर जळतो, आणि वीज सांठविणाऱ्या बॅटऱ्या अद्याप महाग आहेत. ज्याचें छप्पर जुन्या पत्र्याचें, त्याला पॅनेलांचा भार व उरलेल्या खर्चाचा भार असे दोन्ही जड जातात. पंचवीस-तीस वर्षांनीं जुनीं झालेलीं पॅनेलें टाकावयाचीं कोठें, हाही प्रश्न आहे. सर्वांत मोठी भीति विहिरीची. विजेचें देयक नाहीं म्हणून दिवसभर पंप चालविला, तर ऊन संपणार नाहीं, परंतु भूमीच्या पोटांतलें पाणी संपेल. आणि वसमतकडे हळद शिजविण्यासाठीं अद्याप लाकूड जळतें. शिजलेली हळद मात्र अंगणांत व खळ्यावर सूर्यच फुकट वाळवितो. म्हणजे एकाच पिकांत अर्धें काम उन्हाचें व अर्धें झाडाचें आहे; तें दुसरें अर्धें सोडवावयाचें अजून उरलें आहे.

हिंगोलीच्या या इतिहासांत जमाखर्च किती युनिटांचा, हें सांगणारे पुष्कळ मिळतील. खरा जमाखर्च निजेचा आहे. मोटेच्या काळीं शेतकरी दरिद्री होता, तरी त्याची रात्र त्याची होती. कोळशाच्या विजेनें त्याला पाणी दिलें आणि त्याची रात्र घेतली. सूर्याच्या विजेनें पाणी राखून ती रात्र परत केली, तर तिचें सर्व मोल पदरांत पडलें असें म्हणावें. ज्या शिवारांत ही वीज पोंचली, तेथें रथसप्तमीच्या पहांटे दूध उतूं जाईल, तेव्हां घरधनी शेतांतून चिखल तुडवीत येत नसेल. तो अंगणांतच, मुलांबाळांसह, सूर्याची वाट पाहत उभा असेल.