धूळपाटीचा प्रवास

पोंभुर्ण्यातल्या एखाद्या शिक्षकाने मराठी विकिपीडिया उघडला आणि आपल्या तालुक्याच्या पानावर त्याला एक चूक दिसली, असे समजू. चूक दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही. विकिपीडिया हे वाचकांनीच लिहायचे आणि वाचकांनीच सुधारायचे संकेतस्थळ आहे. तरीही बहुतेक जण तिथपर्यंत जाऊन हात आखडता घेतात. पान आपण बनवलेले नाही. त्यातल्या चौकटी आणि महिरपी कंसांचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही. एक शब्द बदलायला जावे आणि सगळे पानच विस्कटावे, तेही साऱ्या जगासमोर, ही भीती काही खोटी नाही.

शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळाबाबतही हेच घडते. एखाद्या माजी विद्यार्थ्याने हौसेने ते बनवून दिलेले असते. पुढे तो नोकरीसाठी नागपूरला किंवा पुण्याला जातो आणि मग जुन्या मुख्याध्यापकांचे नाव बदलायलाही कोणी धजावत नाही. दुसऱ्याने बांधलेल्या गोष्टीत बदल तर करायचा, पण ती मोडू द्यायची नाही, हे कसे साधायचे?

मराठी विकिपीडियावर यासाठी एक वेगळी जागा राखलेली आहे. तेथे काहीही लिहावे, खोडावे, बिघडवावे. मूळ लेखांना धक्का लागत नाही. इंग्रजीत या जागेला मुलांच्या वाळूत खेळण्याच्या हौद्याचे नाव आहे. मराठी विकिपीडियाने मात्र नाव घेतले ते आपल्या जुन्या शाळेतले : धूळपाटी. या नावाच्या इतिहासात थोडे मागे गेले, तर बदल सुरक्षितपणे करून पाहण्यासाठी नेमके काय लागते, हे चांगले समजते.

पाटीवरचे गणित

लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने तीत लिहायचे, ही झाली धूळपाटी. 'धुळाक्षरे गिरवणे' हा शब्दप्रयोग तिच्यामुळेच आपल्या भाषेत आला. कागद दुर्मिळ आणि महाग होता, धूळ मात्र फुकट होती. अक्षर चुकले तर हात फिरवला की पाटी कोरी. शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा चुकता येत होते आणि त्या चुकण्याला खर्च नव्हता.

ही सोय केवळ मुलांपुरती नव्हती. आपल्या जुन्या गणित्यांनी अंकगणिताला 'पाटीगणित' म्हटले. श्रीधराचार्यांच्या एका ग्रंथाचे नावच ते आहे. 'धूलिकर्म' असाही शब्द त्यासाठी होता. दशमान पद्धतीची ही गणिते अरब जगात पोचली, तेव्हा तेथेही त्यांना 'गुबार' म्हणजे धुळीचा हिशेब असे नाव मिळाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील एका अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी जवळच्या देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ साली त्यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर इंग्लंडमधल्या गरीब मुलांच्या शाळांतूनही वाळूचे तबक दिसू लागले.

पुसण्याची किंमत

धूळपाटीत एक उणीव मात्र होती. ती समजण्यासाठी ४३ गुणिले १२ हे उदाहरण जुन्या पद्धतीने करून पाहू.

पाटीवर ४३ लिहा. १२ हा गुणक त्याच्या वरच्या बाजूला असा लिहा, की त्यातला २ हा ४ च्या डोक्यावर येईल. आता ४ ला १ ने गुणून आलेले ४ डावीकडे लिहा. ४ ला २ ने गुणून ८ येतात. मूळचा ४ पुसा आणि त्या जागी ८ लिहा. पाटीवर आता ४८३ दिसेल. मग १२ हा गुणक एक घर उजवीकडे सरकवा. ३ ला १ ने गुणून आलेले ३ हे ८ मध्ये मिळवा. झाले ११. म्हणून ८ पुसून १ लिहा, आणि हातचा १ मिळवून डावीकडचे ४ पुसून ५ करा. शेवटी ३ ला २ ने गुणून ६ येतात. ३ पुसून ६ लिहा. उत्तर ५१६.

उत्तर बरोबर आहे, पण पाटीकडे पाहा. मूळचा ४३ कोठेच उरलेला नाही. मधली एखादी पायरी चुकली असती, तर ती कोणती हे शोधण्याचा मार्ग नव्हता. सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

दमास्कस येथे इ.स. ९५२-५३ मध्ये अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने हीच गणिते धुळीऐवजी शाई आणि कागद वापरून कशी करावीत, हे दाखवले. शाई पुसता येत नाही. म्हणून पद्धतीच बदलाव्या लागल्या. अंक पुसण्याऐवजी नव्या ओळीत लिहायचे. आज आपण फळ्यावर गुणाकार मांडतो तेव्हा प्रत्येक पायरी उरते, आणि 'रीत दाखवा' असे आपण विद्यार्थ्यांना सांगू शकतो.

म्हणजे दोन साधने झाली. धुळीने चुकण्याची मोकळीक दिली, पण मागचे राखले नाही. शाईने मागचे राखले, पण मोकळीक कमी केली. दोन्ही एकत्र मिळाली तर?

विकीची वही

अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. कोणत्याही वाचकाला पान बदलता यावे, ही त्यामागची कल्पना. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी याच तत्त्वावर इंग्रजी विकिपीडिया सुरू केला.

सुरुवातीच्या विकिपीडियाची आज्ञावली मात्र धूळपाटीच्या वळणावर गेलेली होती. ती पानांच्या जुन्या आवृत्त्या काही काळच ठेवी आणि मग टाकून देई. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतले कितीतरी बदल हरवले, असेच अनेक वर्षे समजले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या आज्ञावलीकाराला जुन्या साठवणीत त्यांच्या प्रती सापडल्या आणि तो इतिहास हाती लागला. दरम्यान जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के या जीवशास्त्राच्या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली नवी आज्ञावली वापरात आली, आणि त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी ती पुन्हा नव्याने लिहिली. पुढे तिलाच मीडियाविकी हे नाव मिळाले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तोही आज मीडियाविकीवरच चालतो.

आता प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कोणता बदल केव्हा झाला याची नोंद त्यात राहते. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी मांडून फरक पाहता येतो आणि बिघडलेले पान मागच्या आवृत्तीवर नेता येते. त्याच्या जोडीला धूळपाटी आहे, आणि बदल जतन करण्यापूर्वी पान कसे दिसेल त्याची झलक पाहण्याचीही सोय आहे. सदस्याला संकेतस्थळाची मांडणी किंवा रंग बदलून पाहायचे असतील, तर ते नियम तो स्वतःच्या खात्याखालील पानावर लिहू शकतो. त्यांचा परिणाम त्याच्या एकट्याच्या पडद्यावर होतो. धूळ आणि शाई येथे एकत्र आली आहेत.

दोन जिल्ह्यांचे उदाहरण

एवढी सोय असताना बदल आधी वेगळ्या जागी करून पाहण्याची गरज काय, बिघडले तर मागे जाता येतेच, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच भागातल्या एका उदाहरणातून मिळते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पोंभुर्णा चंद्रपुरात राहिले, सिरोंचा गडचिरोलीत गेले. समजा, सिरोंच्यावरच्या एखाद्या जुन्या मजकुरात सगळीकडे 'चंद्रपूर जिल्हा' असे आहे. एकाने ठरवले, की एका फटक्यात सगळे 'चंद्रपूर' शब्द बदलून 'गडचिरोली' करावेत. संगणकाला हे काम क्षणाचे आहे. पण मजकुरात १९७१ च्या जनगणनेचा उल्लेख असेल, तर तेव्हा सिरोंचा चंद्रपूर जिल्ह्यातच होते. चंद्रपूर शहराचे अंतर दिलेले असेल, तर तेही आता गडचिरोलीचे अंतर म्हणून छापले जाईल. पान मोडणार नाही, नीटनेटके दिसेल, आणि खोटे होईल. अशी चूक कोणाच्या लक्षात येईलच असे नाही. तोवर ती विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि वर्तमानपत्रांतही गेलेली असेल. जंगलातल्या एखाद्या गावाची मराठीतली माहिती जेथे मुळात एकाच ठिकाणी मिळते, तेथे ती चूक ताडून पाहायला दुसरे काही नसते.

दुसरा धोका 'साचा' या सोयीतला. चंद्रपूर जिल्ह्यात १५ तालुके आहेत. त्यांची यादी प्रत्येक तालुक्याच्या पानावर वेगवेगळी लिहिण्याऐवजी ती एका साच्यात लिहून सर्व पानांवर तोच साचा लावता येतो. हे सोयीचे आहे, पण साच्यातला एक कंस चुकला तर १५ ही पाने एकदम बिघडतात. म्हणून साच्याची प्रत धूळपाटीवर करायची, बदल त्या प्रतीत करायचा, दोन-तीन पानांवर तो कसा दिसतो ते पाहायचे आणि मगच मूळ साच्याला हात लावायचा.

विकिपीडिया चालवणारे तंत्रज्ञही स्वतःला यातून सूट देत नाहीत. आज्ञावलीची नवी आवृत्ती ते आधी चाचणीसाठी राखलेल्या संकेतस्थळांवर लावतात. नंतर ती बंधुप्रकल्पांवर आणि मोजक्या विकिपीडियांवर जाते आणि त्यानंतर उरलेल्या सर्वांवर. कोठे बिघाड दिसला तर गाडी तेथेच थांबवतात.

शाळेच्या संकेतस्थळासाठी

शाळेचे संकेतस्थळ विकी नसले तरी हीच तत्त्वे तेथे लागू पडतात.

पहिले काम प्रत काढण्याचे. संकेतस्थळाच्या सर्व फाइली आणि माहितीसाठा असेल तर तोही दुसरीकडे उतरवून ठेवावा. ही प्रत खरोखर उघडते का, तेही तपासावे. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

दुसरे, त्या प्रतीवरून शाळेच्या संगणकावर एक तालमीचे संकेतस्थळ उभे करावे. झाडीपट्टीतल्या वाचकांना तालीम काय असते हे सांगायला नको. नव्या नटाला थेट हजार प्रेक्षकांपुढे कोणी उभा करत नाही.

तिसरे, एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहावा : काय बदलले, का बदलले, कोणी, कोणत्या तारखेला. पाच बदल एकदम केले आणि पान बिघडले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच चल बदलण्याचा नियम आपण शिकवतो, तोच हा.

चौथे, बदललेले पान मोबाइलवर आणि संगणकावर, दोन्हीकडे पाहावे. ज्या पानाला हात लावलेला नाही तेही उघडून पाहावे, कारण बिघाड अनेकदा तेथे दिसतो.

शेवटी, खरे संकेतस्थळ बदलण्याची वेळ अशी निवडावी, की त्या दिवशी निकाल किंवा प्रवेशाची यादी लागणार नाही.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या मुलांना वर दिलेला गुणाकार खरोखरच्या धुळीत करायला सांगा. एका गटाने तो धुळीत करावा, दुसऱ्याने कागदावर. शिक्षकांनी दोन्ही गटांच्या एकेका मुलाला मुद्दाम एक पायरी चुकवायला सांगावे आणि बाकीच्यांनी चूक शोधावी. कोणत्या गटाला ती लवकर सापडते, आणि कोणत्या गटातली मुले जास्त निर्धास्तपणे अंक लिहितात, या दोन्ही गोष्टींची नोंद घ्या.

त्यानंतर मुलांना विकिपीडियाच्या धूळपाटीवर आपल्या गावाबद्दल चार ओळी लिहू द्या आणि 'इतिहास' उघडून आपले बदल पाहू द्या. मात्र एक सूचना आधी द्यावी. ही धूळपाटी जगाला दिसते, आणि तिच्यावरून पुसलेला मजकूर इतिहासात उरतो. म्हणून मुलांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक तिच्यावर लिहू नयेत.

नवख्याने पानावर काही भलतेच लिहिले, तर त्याने ते खोडसाळपणानेच केले असे धरू नये, तो करून पाहत असावा असे आधी मानावे आणि त्याला धूळपाटीचा रस्ता दाखवावा, असा विकिपीडियावर संकेत आहे. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा समोर असताना आपल्यालाही तो आठवायला हरकत नाही.