चेतातंतू, स्नायू आणि मधली सूक्ष्म फट

गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीचा हलका आघात होताच लोंबता पाय आपसूक पुढे झेपावतो. या तपासणीचे वर्णन विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी १८७५ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. तिची उपयुक्तता आजही कमी झालेली नाही.

हातोडी ज्या कंडरेवर पडते, ती मांडीच्या पुढील स्नायूचा भार पेलते. कंडरा दबली की हा स्नायू किंचित ताणला जातो. त्या ताणाची वार्ता संवेदी चेतातंतू कमरेच्या भागातील मेरुरज्जूकडे नेतात, तेथे ती थेट प्रेरक चेतापेशीकडे सोपवली जाते आणि आकुंचनाची आज्ञा त्याच स्नायूकडे परतते. वाटेत जोड एकच. मांडीच्या मागील स्नायूला त्याच क्षणी सैल राहण्याची सूचना मिळते, अन्यथा दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहिले असते. मेंदूला हे सारे घडून गेल्यावर कळते.

तापलेल्या तव्यावरून हात मागे घेण्याची क्रियाही मेरुरज्जूतच ठरते, मात्र तिच्या साखळीत मधल्या चेतापेशी अधिक असतात. मेंदू अशा क्रियांना आवर घालू शकतो. चटका बसत असूनही चहाचा आवडता कप न टाकता टेबलापर्यंत नेता येतो, तो यामुळेच. पक्षाघातानंतर हा आवर सुटला, की काही काळाने पायाचा झटका अवाजवी जोरदार होतो. उलट जुन्या मधुमेहात तंतूच झिजतात आणि बहुधा घोट्याचा प्रतिसाद आधी मंदावतो.

चेतातंतूतील संदेशाला ‘विजेच्या वेगाचा’ म्हणण्याची रूढी मात्र चुकीची आहे. विश्रांत पेशीच्या आतील बाजूस बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट विभव असते. उद्दीपन होताच सोडियमचे आयन आत शिरतात, विभव क्षणभर उलटते आणि हा बदल तंतूवरून पुढे सरकत जातो. सर्वांत वेगवान तंतूंतही त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असतो. तारेतून जाणाऱ्या विद्युत्संकेतापुढे तो अगदीच संथ ठरतो.

तंतूच्या टोकाशी हा संकेत थांबतो, कारण चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. दोहोंत सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. संकेत टोकाशी पोहोचला की तेथे कॅल्शियम शिरते, सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि ॲसिटिलकोलिन हे रसायन फटीत सांडते. पलीकडच्या ग्राहींना ते चिकटताच स्नायूपेशीत नवा विद्युत्संकेत उठतो. त्याने पेशीच्या आतील साठ्यातून कॅल्शियम मुक्त होते, ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिने परस्परांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. ही पकड सोडण्यासाठीही ऊर्जा लागते. मृत्यूनंतर एटीपी संपल्यावर शरीर ताठरते, ते म्हणूनच. इकडे फटीतील ॲसिटिलकोलिनचे विघटन एक विकर जवळजवळ तत्क्षणी करते आणि पुढच्या आज्ञेसाठी जागा मोकळी होते.

श्वासोच्छ्वास चालवणारे स्नायूही याच फटीवर अवलंबून असल्याने तेथील बिघाड जिवावर बेततो. ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशके हे विकरच निकामी करतात. ॲसिटिलकोलिन साचत जाते, स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेत सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या फवारण्यांत या गटातील द्रव्येही वापरली गेली होती. ॲट्रोपिनमुळे अशा रुग्णाचा स्राव आटोक्यात येतो, हृदयाची मंदावलेली गती सुधारते, पण स्नायूंचा लुळेपणा त्याने जात नाही.

गंमत अशी की, त्याच विकराला मोजून-मापून रोखणे हा उपचारही ठरतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्राहींवर हल्ला करते. पापण्या मिटू लागतात, घास गिळणे जड जाते. १९३४ साली लंडनमधील ग्रिनिच येथे डॉ. मेरी वॉकर यांनी अशा रुग्णाला फायझोस्टिग्मिन दिले आणि काही काळापुरते का होईना, बळ परतले. त्या औषधाचे वंशज आजही वापरात आहेत.

नागाच्या विषातील चेताघातक द्रव्ये मुख्यतः ग्राहींची वाट अडवतात, त्यामुळे प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मिनचा उपयोग होऊ शकतो. मण्यारीचे प्रकरण अधिक कठीण आहे. जमिनीवर निजलेल्या माणसाला ती रात्री चावते, वेदना वा सूज फारशी जाणवत नाही आणि पहाटेपर्यंत पापण्या जड होऊ लागतात. तिचे विष चेतातंतूंची टोकेच नष्ट करते. सोडायला ॲसिटिलकोलिनच उरलेले नसल्याने निओस्टिग्मिन तेथे सहसा निष्फळ ठरते, आणि नष्ट झालेली टोके प्रतिविषानेही परत येत नाहीत. रुग्ण शुद्धीवर असूनही बोट हलवू शकत नाही, त्यामुळे तो बेशुद्ध वा मृत असल्याचा समज होण्याचा धोका असतो. टोके नव्याने फुटेपर्यंत, प्रसंगी कित्येक दिवस, त्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर जगवावे लागते.